अवजलावर वसलेले गाव : खोपोली

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाची संहिता)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मला येथे बोलावण्यात आले, हा मी माझा बहुमान समजतो. मी आपल्या समाजाचा नाही. परंतु चाळीस वर्षे या परिसरात भूगोल शिकविला आणि समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची मुले, काहींची तर दोन पिढ्या, माझ्या वर्गात बसून गेल्या. त्या नात्याने आपण मला परके मानीत नाही, हे मी जाणतो. पन्नास वर्षांचा टप्पा गाठल्यावर संस्था मागे वळून पाहते. संस्थेचा इतिहास सांगण्यास माझ्याहून अधिकारी माणसे येथे आहेत. मी ज्या गावात ही संस्था वाढली, त्या गावाचा हिशेब मांडावा असे ठरवून आलो आहे.

या हिशेबाची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने झाली. दरवर्षी नववीच्या मुलांना मी घाटाच्या पायथ्याशी नेत असे आणि खंडाळ्याच्या कड्यावरून खाली उतरणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या दाखवीत असे. २००५ नंतरची काही वर्षे राज्यात भारनियमनाची होती. मुंबई त्यातून वगळलेली होती, आपण नव्हतो. अशाच एका वर्षी, वीज कशी तयार होते हे मी समजावून सांगत असताना एका मुलाने विचारले, "सर, वीज इथे तयार होते आणि आमच्याच घरी अंधार. मग आपल्याला यातून मिळते तरी काय?" वितरणाचे परवाने वेगळे, क्षेत्रे वेगळी, असे तांत्रिक उत्तर मी दिले. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते. त्या मुलाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. आज त्याच प्रश्नाचे उत्तर आपल्यापुढे मांडण्याचा प्रयत्न करतो.

वीज येण्यापूर्वी खोपोली म्हणजे घाटाखालचा मुक्काम होता. कोकणातून देशावर जाणारा माल येथे थांबे, बैल विसावा घेत, माणसे पाणी पीत आणि पहाटे घाट चढू लागत. नाना फडणवीसांनी येथे तळे बांधले आणि महादेवाचे मंदिर उभारले, ते याच वाटसरूंच्या सोयीसाठी. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि मुक्कामाचे महत्त्व वाढले. पुढे १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि अवघ्या तीन वर्षांत, १८५६ मध्ये, रूळ पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत येऊन पोहोचले. पुढे घाट होता. त्यामुळे सुमारे सात वर्षे पुण्याकडे जाणारा प्रत्येक रेल्वेप्रवासी खोपोलीला उतरत असे आणि पालखीने, तट्टाने किंवा टांग्याने खंडाळा गाठून पुढे जात असे. देशातील मोजक्या रेल्वेस्थानकांपैकी एक म्हणून त्या काळी खोपोलीचे नाव होते, हे आज सांगितले तर खरे वाटत नाही.

ते वैभव टिकले नाही. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पूर्ण झाला. तो बांधताना हजारो मजुरांचे प्राण गेले. नवा मार्ग कर्जत-पळसदरीवरून थेट घाट चढला आणि खोपोलीचा रूळ हा केवळ एक फाटा होऊन राहिला. कर्जतला गाड्या थांबू लागल्या, घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिने लागू लागली आणि कर्जतचे दिवस आले. खोपोली आडबाजूला पडली. या गावाला वाटेने सोडून जाण्याचा तो पहिला प्रसंग. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा घडणार आहे.

यानंतर अर्धे शतक लोटले. मुंबईतील कापड गिरण्या कोळशावर चालत. तो कोळसा दुरून, बंगालमधून किंवा समुद्रापलीकडून येई. तो महाग पडे आणि त्याचा धूर शहरभर पसरे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून त्याची वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी मनाशी धरली. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ही योजना कागदावरच होती. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी ती पुढे नेली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना झाली. देशातील संस्थानिकांनी आणि गुंतवणूकदारांनी भांडवल पुरविले. १९११ च्या फेब्रुवारीत वळवण धरणाची कोनशिला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते बसली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीच्या वीजगृहाचा प्रारंभ झाला. महायुद्ध पेटलेले असताना हे काम पुरे झाले.

भूगोलाच्या शिक्षकाला या योजनेचे अपार कौतुक वाटते, ते तिच्या साधेपणामुळे. लोणावळा परिसरात चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हे पाणी मूळचे पूर्वेकडे, इंद्रायणी-भीमेच्या वाटेने जाऊन कृष्णेला मिळणारे आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचणारे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत ते अडविले, कालव्यांनी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणले आणि जलवाहिन्यांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडले. खाली त्या धारेचा मारा पेल्टन चक्राच्या वाट्यांवर होतो, चक्र फिरते, जनित्र फिरते आणि वीज निर्माण होते. सारे काम पाण्याचे वजन आणि डोंगराची उंची यांवर चालते. ना कोळसा, ना राख, ना धूर.

येथे एक छोटासा हिशेब मांडतो, कारण व्यापारी समाजापुढे हिशेबावाचून बोलणे बरे नव्हे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले की त्यातून एका युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. खोपोली वीजगृहाची आजची क्षमता ७२ मेगावॅट आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला सुमारे ६ कोटी लिटर पाणी खाली येते. आता या दोहोंची वाट पाहा. वीज तारांवरून सुमारे सत्तर किलोमीटर दूर परळकडे गेली, तेथून गिरण्यांत गेली. पाणी मात्र कोठे जाणार? ते चक्राखालून बाहेर पडले आणि येथेच राहिले. वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या या पाण्याला पाटबंधारे खात्याच्या भाषेत अवजल म्हणतात. आपण त्याला नुसते 'टाटाचे पाणी' म्हणतो.

बंधू-भगिनींनो, त्या मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका शब्दात आहे. पाताळगंगा ही खोपोलीजवळ उगम पावणारी लहानशी नदी. कोकणातील अशा नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि फाल्गुनात पात्रातले गोटे उघडे पडतात. अवजल येऊन मिळाल्यामुळे ही नदी बारमाही झाली. खोपोली, सावरोली, खालापूर आणि पुढे रसायनी असे करीत ती धरमतरच्या खाडीला मिळते. या वाटेवर तिच्या काठाने जे काही उभे राहिले, ते या बारमाही पाण्याच्या भरवशावर उभे राहिले. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना रसायनीला आला, पाताळगंगा औद्योगिक वसाहत वसली, १९८० च्या दशकात रिलायन्सचा कृत्रिम धाग्याचा कारखाना आला. खुद्द खोपोलीत १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा युजिन स्टीलचा पोलाद कारखाना उभा राहिला, झेनिथचा नळ्यांचा कारखाना आला. पोलादाला वीज लागते, रेल्वे लागते, मुंबईची बाजारपेठ लागते. पण पाण्यावाचून पोलादाची भट्टी पेटविता येत नाही.

शेजारी कर्जत तालुक्यातही हेच घडले. ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. त्याचे अवजल उल्हास नदीला मिळते. राजनाला कालव्यातून त्यावर कर्जतच्या शेतकऱ्यांनी उन्हाळी भात घेतला आणि पुढे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली ही शहरे उल्हासचे पाणी पिऊन वाढली. म्हणजे आपल्या दोन्ही तालुक्यांचे अर्थकारण त्या उद्योगाच्या मालावर उभे नाही. तो उद्योग आपले काम झाल्यावर जे सोडून देतो, त्यावर उभे आहे.

महाराष्ट्रात एका उद्योगाभोवती वसलेली गावे आणखीही आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर १९१० मध्ये नांगराचा कारखाना काढला आणि किर्लोस्करवाडी वसविली. ज्या वर्षी टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली, तेच हे वर्ष. दुसरे उदाहरण आपल्या समाजाला अधिक जवळचे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबच्या उजाड जमिनीवर १९३० च्या दशकात उसाचे मळे आणि साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर घडविले. याच वालचंदशेठांचा आपल्या परिसराशीही संबंध आहे. ते रेल्वेचे ठेकेदार म्हणून पुढे आले आणि १९२० च्या दशकात टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीच्या द्वारे त्यांनी बोरघाटातील नव्या बोगद्यांचे काम केले. आज आपण लोणावळ्याला जाताना जे बोगदे पार करतो, त्यांत त्यांच्या कर्तृत्वाचा वाटा आहे. पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्या उद्योगांत त्यांनी भारतीयांचे पाऊल रोवले, हे आपण जाणताच.

किर्लोस्करवाडी आणि वालचंदनगर येथे मालकाने गाव मुद्दाम वसविले. घरे, शाळा, दवाखाना, बाजार, सारे कारखान्याच्या आराखड्यातच होते. गावाचे भले-बुरे पाहणारा एक धनी होता. खोपोलीचे तसे नाही. वीजगृहाची वसाहत होती, पण तिच्याबाहेरचे खोपोली गाव कोणी आराखडा काढून वसविले नाही. पाणी होते म्हणून कारखाने आले, कारखाने होते म्हणून कामगार आले आणि कामगार आले म्हणून दुकाने आली. कोणी घाटावरून आले, कोणी कोकणातून, कोणी कच्छ, गुजरात, मारवाडातून. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा याच ओघात, हाती पितळी लोटा आणि खांद्यावर गाठोडे घेऊन, येथे उतरले. या गावाला धनी नव्हता. म्हणून त्याच्या सार्वजनिक गरजा येथल्या माणसांनी वर्गणी काढून भागविल्या. आपल्या संस्थेच्या पन्नास वर्षांचा अर्थ मला या संदर्भात दिसतो.

आता या हिशेबाची दुसरी बाजू पाहू. एकाच आधारावर गाव उभे असले की त्या आधाराचे काय होईल, ही चिंता कायम राहते. वीजगृहाचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या गिरण्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला आणि त्यानंतर त्या उद्योगाची घडी पुन्हा बसली नाही. ज्या गिरण्यांसाठी धरणे बांधली, त्या गेल्या. वीजगृह मात्र चालू राहिले. कारण विजेला गिऱ्हाईक बदलता येते. गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांनाही दिवे लागतातच. परंतु कारखान्यातील कामगाराला आणि त्या कामगाराच्या भरवशावर दुकान चालविणाऱ्याला आपले गिऱ्हाईक इतक्या सहजी बदलता येत नाही.

मला एक प्रसंग आठवतो. काही वर्षांपूर्वी या भागातील एका कारखान्यात टाळेबंदी झाली. नाव घेण्याचे कारण नाही. बाजारपेठेत एक किराणा व्यापारी होते. ते आज हयात नाहीत. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी, त्यामुळे माझे दुकानात येणे-जाणे असे. एके दिवशी त्यांनी मला उधारीची चोपडी दाखविली. प्रत्येक नावापुढे रक्कम होती आणि परतफेडीच्या रकान्यात तारखेऐवजी दोनच शब्द लिहिलेले होते : 'पगार झाल्यावर'. पानामागून पाने तेच दोन शब्द. मी विचारले, "शेठ, पगार झालाच नाही तर?" ते म्हणाले, "गुरुजी, यांच्याच पगारावर माझ्या मुलांची शिक्षणे झाली. आता यांचा पगार थांबला म्हणून मी यांच्या मुलांची डाळ थांबवू काय?" आठ महिन्यांनी कारखाना उघडला, पण निम्म्याच माणसांसाठी. उरलेल्यांपैकी कित्येकजण गाव सोडून गेले. त्या वर्षी दिवाळीच्या वहीपूजनाला शेठजींनी नवी चोपडी मांडली आणि जुनीतली बरीच नावे तिच्यात उतरविली नाहीत. किती रक्कम सोडली, हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. मुलालाही जुनी चोपडी चाळल्यावरच कळले.

हा प्रसंग मी कौतुकासाठी सांगितला नाही. कारखान्याच्या दरवाजाशी आपला थेट संबंध नसला तरी तेथला भोंगा थांबला की आपल्या गल्ल्यापर्यंत त्याचा परिणाम येतो, हे त्या चोपडीने मला शिकविले. एका व्यापाऱ्याची दया हा गावाचा विमा होऊ शकत नाही. शेठजींनी स्वतःची पुंजी घातली. पण पुढच्या वेळी काय करायचे, याचा विचार गावाने त्या आठ महिन्यांत केला नाही आणि नंतर तर तो विसरलेच.

आज तो विचार करण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते. त्याची कारणे तीन.

पहिले कारण रस्त्याचे. १८६३ मध्ये रेल्वेने गाव सोडले, तसे २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाने ते दुसऱ्यांदा सोडले. जुन्या महामार्गावर घाट चढण्याआधी गाड्या थांबत, इंजिनात पाणी भरीत, माणसे चहा घेत, खरेदी करीत. तो व्यवहार बाजूला गेला. दोन्ही वेळा गाव तगले, कारण वाट गेली तरी पाणी राहिले होते.

दुसरे कारण त्या पाण्याचेच. वर सांगितल्याप्रमाणे हे पाणी मूळ भीमा खोऱ्यातले. पूर्वेकडे सोलापूर आणि भोवतालचा दुष्काळी मुलूख आहे. तलावांतले हे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला न सोडता परत भीमेकडे द्यावे, अशी मागणी गेली अनेक वर्षे होत आहे. ती मागणी अन्यायाची आहे असे मी म्हणणार नाही. वालचंदशेठांच्याच सोलापुरात उन्हाळ्यात टँकरपुढे लागलेल्या रांगा पाहिलेला माणूस तसे म्हणू शकणार नाही. शिवाय या धरणांची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातील भिरा वीजगृहासाठी मुळशीचे धरण बांधले गेले. त्यात बुडणाऱ्या जमिनींसाठी मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झालेच, त्या मावळ्यांच्या जमिनी गेल्या. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यामागे कोणाच्या तरी बुडालेल्या शेताचा इतिहास आहे.

तिसरे कारण नव्या तंत्राचे. सूर्याची वीज दिवसा मिळते, रात्री मिळत नाही. म्हणून दिवसाच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज घ्यायची, अशा उदंचन प्रकल्पांना आता महत्त्व आले आहे. भिवपुरी येथे १००० आणि शिरवटा येथे १८०० मेगावॅटचे असे प्रकल्प उभारण्याचा करार २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य शासन यांच्यात झाला. देशाच्या दृष्टीने ही इष्ट गोष्ट आहे. आपल्या दृष्टीने मात्र एक बारीक फरक लक्षात घ्यायला हवा. जुन्या पद्धतीत पाणी एकदा खाली आले की ते नदीचे होई. उदंचनात तेच पाणी खाली येते आणि पुन्हा वर जाते. त्या फेऱ्यांतून नदीला नवे पाणी मिळत नाही. आजचे अवजल चालू राहील की घटेल, हे त्या त्या प्रकल्पाच्या नियोजनावर अवलंबून राहील. आणि नियोजन होताना खोपोली-कर्जतचा आवाज तेथे असेल काय, हा माझा प्रश्न आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उरलेले निम्मे उत्तर देतो. आपल्याला पाणी मिळते. पण ज्याला अवजल म्हणतात, ते उरले म्हणून मिळते. आपण शंभर वर्षे ते वापरले आणि ते आपलेच आहे असे धरून चाललो. पिढ्यान् पिढ्या एखाद्या ओटीवर बसणाऱ्या माणसाला ती ओटी आपली वाटू लागते, तसे हे झाले आहे. उद्या मालकाने घर बदलायचे ठरविले, तर आपल्या हाती दाखवायला काय आहे? नदीत कोणत्या महिन्यात किती पाणी असते, किती गावे त्यावर जगतात, वीजगृह बंद असते तेव्हा पात्राची काय स्थिती होते, याची गावाकडे स्वतःची म्हणावी अशी नोंद नाही. ज्यांचे हितसंबंध आहेत, ते आकडे घेऊन येतील. आपण काय घेऊन जाणार?

तक्रार करण्याआधी आपला दोषही पदरात घेतला पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पाताळगंगेचे नाव होते. कारखान्यांकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण गावाचे सांडपाणी, बाजाराचा कचरा आणि देवघरातले निर्माल्यही त्याच पात्रात जाते. दुष्काळी भागातला शेतकरी उद्या आपल्याला विचारील की, आमच्या वाट्याचे पाणी घेऊन तुम्ही त्याचे काय केलेत? त्याला देण्याजोगे उत्तर आपल्याजवळ असायला हवे. आपल्या घरांत पाणी गाळून घेण्याची आणि ते तुपासारखे जपून वापरण्याची शिकवण पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती शिकवण उंबरठ्याच्या आत जितकी पाळली जाते, तितकी नदीच्या काठी पाळली गेली तर तो शेतकरी आपल्याशी बोलायला बसेल.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने एक छोटे काम हाती घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. त्यास मोठा निधी नको आणि इमारतही नको. शाळांतील मुलांना हाताशी धरून पाताळगंगेवरील पुलाच्या खांबावर खुणा कराव्यात आणि दर पंधरवड्याला पाण्याची पातळी, रंग आणि वास यांची नोंद एका वहीत ठेवावी. वीजगृह चालू होते की बंद, तेही लिहावे. कर्जतकरांनी उल्हासवर तसेच करावे. त्याच वहीच्या शेवटी, किती कुटुंबे, किती दुकाने, किती शेते या पाण्यावर आहेत, याची माहिती गोळा करीत जावे. पाच वर्षांत गावाजवळ स्वतःचा दस्तऐवज तयार होईल. नगरपरिषदेने, ग्रामपंचायतींनी आणि व्यापारी मंडळांनी तो घेऊन शासनाकडे जावे आणि एवढेच मागावे की, वर काहीही ठरो, नदीत बाराही महिने किमान इतका प्रवाह राहील, हे लेखी द्यावे. भीमेकाठच्या माणसाशी भांडून ही मागणी करायची नाही. त्याचा वाटा मान्य करून आपला किमान वाटा निश्चित करून घ्यायचा आहे.

हे काम मी आपल्यालाच का सांगतो? कारण नोंद ठेवण्याची विद्या आपल्याइतकी या गावात दुसऱ्या कोणाजवळ नाही. पै-पैची खतावणी आपल्या पूर्वजांनी काळजीपूर्वक लिहिली, तीही दिव्याच्या उजेडात, दिवसभराच्या कष्टानंतर. त्या खतावण्यांवर या बाजारपेठेचा विश्वास उभा राहिला. आता पाण्याची खतावणी उघडायची आहे.

त्या किराणा व्यापाऱ्यांची जुनी चोपडी त्यांच्या मुलाने जपून ठेवली आहे. मी त्यास सांगितले आहे की, ती फेकू नकोस. या गावाच्या इतिहासाचे ते एक पान आहे. 'पगार झाल्यावर' या दोन शब्दांवर गावाने एकदा तग धरला. आपल्या नातवंडांच्या वहीत 'पाणी आल्यावर' असे लिहिण्याची वेळ येऊ नये, यासाठी हा सारा प्रपंच.